यात्रेत मालक, प्रदर्शनात बघे

(कापूस-ज्वारी पट्ट्यातून आलेल्या कार्यकर्त्यांसमोर जांभूळ, जि. ठाणे येथे म्हसा यात्रेच्या आदल्या दिवशी केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावे आणि त्यावर चर्चा व्हावी.)



उद्या पौष पौर्णिमा. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी म्हसोबाची यात्रा भरते आहे आणि आपण सगळे तिथे जाणार आहोत. यवतमाळ, अकोला, परभणी, नांदेडकडून तुम्ही रात्रभर प्रवास करून आलात. आल्या आल्या एका भावाने विचारलं, "ठाणे जिल्हा भाताचा. इथे ना पऱ्हाटी, ना ज्वारी. कोरडवाहू शेतकऱ्याला इथे कशाला बोलावलं?" दुसऱ्याने जांभूळचं जलशुद्धीकरण केंद्र बघितलं आणि म्हणाला, "इथलं पाणी कारखान्यांना आणि शहरांना जातं, ते बघून आपल्या विहिरीला काय उपयोग?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर असं, की आपण इथे पाणी बघायला आलो नाही, भातही बघायला आलो नाही. आपण बाजार बघायला आलो आहोत.

आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत सध्या एका विषयावर वाद चालू आहे. तालुक्याच्या गावी दरवर्षी कृषी प्रदर्शन भरतं. भरवणारे आपल्याकडे येतात. म्हणतात, तुमची माणसं आणा, गर्दी करा, हवं तर एक गाळा घ्या. काही कार्यकर्त्यांचं म्हणणं आहे की जावं, चार नव्या गोष्टी कळतात. काहींचं म्हणणं आहे की ही कंपन्यांची दुकानं, आपण त्यांचे भोंगे कशाला व्हायचं? येत्या जिल्हा बैठकांत याचा निर्णय करायचा आहे. तो करण्याआधी शेतकऱ्याचा स्वतःचा मेळा कसा चालतो हे नीट बघावं आणि मग मंडपातल्या प्रदर्शनाशी त्याची तुलना करावी, एवढ्यासाठी ही खेप आहे.

दावणीला काय चालतं

म्हसा यात्रा नावाजली आहे ती बैलांसाठी आणि घोंगड्यांसाठी. म्हसोबाला, म्हणजे खांबलिंगेश्वराला नवस फेडायला माणसं येतात ते खरंच. पण देवळापासून थोडं पुढे गेलं की दावणीच्या दावणी लागलेल्या दिसतात. घाटावरची जनावरं खाली येतात आणि कोकणपट्टीतला भातकरी ती घेतो.

तिथे गेल्यावर आधी गप्प उभं राहून बघा. घेणारा आधी बैलाचा ओठ वर करतो. दुधाचे दात असतील तर आदत. दोन दात बदलले असतील तर दोन दाती, म्हणजे अदमासे दोन-अडीच वर्षांचा. मग चार दाती, सहा दाती, आणि आठही दात आले की जुळलेला. त्याचं वय साडेचार-पाचच्या पुढे. आम्हाला शेती कॉलेजात हे तक्ता दाखवून शिकवलं. इथे सातवी नापास पोर ते मुठीतल्या शेंगा मोजाव्यात तसं मोजतं. दातानंतर खूर, खांदा, वशिंड, शेपूट. मग चालवून बघायचं. मग औताला कसा चालतो याची चौकशी, मारका आहे का, बसका आहे का. आणि मग भाव.

भाव अजूनही काही ठिकाणी रुमालाखाली ठरतो. दोन हात रुमालाखाली जातात, बोटं धरली जातात, मान हलते, हात बाहेर येतात. पटलं तर विसार द्यायचा, पावती करायची, कासरा नव्या मालकाच्या हातात. या सगळ्यात माल शेतकऱ्याचा, गिऱ्हाईक शेतकरी आणि पारख करणाराही शेतकरीच. त्याला कोणी समजावून सांगत नाही की बैल चांगला कसा ओळखावा. तिथला तज्ज्ञ तोच आहे.

आता कोणी म्हणेल, तुम्ही जुन्याचं कौतुक करता. तसं नाही. रुमालाखालचा भाव तिसऱ्याला कळत नाही आणि त्याचा फायदा हेड्याला होतो. दोन्हीकडून दलाली घेणारे आहेत. दात घासून वय लपवणारे आहेत. शिंगं तासून, तेल लावून म्हाताऱ्याला तरणा करणारे आहेत. बाजार म्हटला की हे आलंच. पण फसवणूक झाली तरी ती दोन जाणत्यांमधली असते. आपण फसलो हे घेणाऱ्याला गाव ओलांडायच्या आत कळतं आणि पुढच्या वर्षी त्या दावणीला कोणी उभं राहत नाही. बियाण्याच्या पाकिटात आपण फसलो, हे कळायला चार महिने आणि एक हंगाम जावा लागतो. तोवर गाळा उठलेला असतो आणि जाहिरातीचा फलक दुसऱ्या नावाने लागलेला असतो.

जिथलं जनावर तिथला पाऊस

या यात्रेत आणखी एक गोष्ट बघून घ्या. इथून घाट चढून वर गेलं की अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातलं राजूर लागतं. तिथे दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. डांगी म्हणजे अकोले-इगतपुरीच्या धुवाधार पावसातली जात. तिच्या कातडीतून तेलकट पदार्थ पाझरतो, त्यामुळे पावसाचं पाणी अंगावर टिकत नाही. चिखलात दिवसभर उभी राहिली तरी ती खंगत नाही. तेच जनावर सोलापूरच्या माळावर नेलं तर त्या गुणाचा उपयोग काय? तिथे खिल्लारच पाहिजे, हलका आणि लांब पल्ल्याचा. वर्ध्याकडे गवळाऊ, नांदेडकडे लाल कंधारी, लातूरकडे देवणी. प्रत्येक जात ही त्या त्या मुलखाच्या पावसाने, चाऱ्याने आणि शेतकऱ्याच्या निवडीने घडली आहे.

नांदेडच्या मंडळींना हे नवं नाही. लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. ती होऊन पंधरवडाच झाला. तिथे घोडे येतात, गाढवं येतात, उंट येतात, आणि कंधारी-देवणी जनावरांची प्रदर्शनंही होतात. तिथे कोणी ठाण्याचा बैल आणून, "हाच उत्तम, सगळ्यांनी हाच घ्या," असं म्हणत नाही. म्हटलं तर लोक हसतील.

मग बियाण्याच्या बाबतीत आपण का हसत नाही? नाशिकला ओलिताखाली उभी केलेली पऱ्हाटी, आंध्रच्या काळ्या भारी जमिनीतलं कणीस आपल्याकडे मंडपात आणून ठेवतात आणि आपण हात जोडून उभे राहतो. बैल घेताना जी अक्कल आपण वापरतो, ती बियाणं घेताना घरी ठेवून जातो. म्हसा यात्रेतून ती अक्कल परत घेऊन जायची आहे.

फुल्यांनी काय मागितलं होतं

प्रदर्शन ही कल्पना वाईट नाही. ती आपल्याच माणसाने सरकारकडे मागितली होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यात शेतकऱ्याची दैना सांगून झाल्यावर त्यांनी उपाय सांगितले. त्यातला एक असा, की सरकारने दरवर्षी प्रदर्शनं भरवावीत, शेतपिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत. नीट लक्षात घ्या. फुल्यांच्या प्रदर्शनात परीक्षा होती शेतकऱ्याच्या पिकाची आणि त्याच्या हाताची. बक्षीस घेणारा शेतकरी होता. आजच्या मंडपात परीक्षा होते ती त्याच्या खिशाची.

आपल्या विदर्भाच्या पंजाबराव देशमुखांनी तर हीच कल्पना जगाएवढी मोठी केली. ते केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांच्या भारत कृषक समाजाच्या पुढाकाराने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद होते, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या शेतकऱ्याच्या पोराने जगाला दिल्लीत बोलावलं, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि कोणी म्हणेल की प्रदर्शनाला लाखो रुपये लागतात, तर त्यालाही दाखला आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात पिट्सफील्ड नावाचं गाव आहे. १८०७ साली एल्काना वॉटसन या माणसाने गावच्या चौकात झाडाखाली दोन मेरिनो मेंढ्या बांधल्या. लोक बघायला जमले, लोकर चाचपून बघू लागले. त्या गर्दीवरून त्याला सुचलं आणि १८१० साली तिथे शेतकऱ्यांनी आपापली जनावरं आणून मेळा भरवला. पुढे अमेरिकेत गावोगाव जे शेतकी मेळे सुरू झाले, त्यांचं मूळ तिथे दाखवतात. भांडवल किती? दोन मेंढ्या आणि एक झाड. मंडप नव्हता, भोंगा नव्हता, पाहुण्यांचे सत्कार नव्हते.

शंभर बोंडांचं झाड

आता आपल्या तालुक्याच्या मंडपात जाऊ. दारातच एक पऱ्हाटी उभी असते. शंभर बोंडं लागलेली. शेजारी पाटी, अमुक वाण, भरघोस उत्पन्न. आपला भाऊ ती बोंडं मोजतो आणि मनात गुणाकार करतो. तोच गुणाकार आपण इथे कागदावर करू.

चार फूट बाय दोन फूट लागण धरली तर एका झाडाला ८ चौरस फूट जागा लागते. एकरात ४३,५६० चौरस फूट. म्हणजे ५,४४५ झाडं. एका बोंडातून ४ ग्रॅम कापूस धरा. शंभर बोंडांचा झाला ४०० ग्रॅम. ५,४४५ झाडांचा झाला २,१७८ किलो, म्हणजे पावणेबावीस क्विंटल. आता तुम्हीच सांगा, इथे बसलेल्यांपैकी कोरडवाहू रानात एकरी पावणेबावीस क्विंटल कोणी वेचला आहे? हात वर करा. नाही ना?

उलटा हिशेब करा. कोरडवाहूत एकरी ५ क्विंटल झाला तर आपण बरं म्हणतो. ५०० किलोला ५,४४५ झाडांनी भागा. झाडाला ९२ ग्रॅम येतात, म्हणजे २३ बोंडं. त्यात नांग्या पडलेल्या, डवऱ्याखाली मोडलेली, बोंडअळीने खाल्लेली सगळी सरासरीत आली. तेव्हा मंडपातलं ते झाड खोटं नाही, पण ते एकटं आहे. हजारातून निवडून आणलेलं. त्याच्या मागे उभी असलेली २३ बोंडांची झाडं मंडपात कोणी आणत नाही. आणि आपलं कर्ज फिटतं किंवा थकतं ते त्या २३ बोंडांवर.

ज्वारीचंही तसंच. गाळ्यावर कणीस ठेवतात, हातभर, टपोरं. कडबा कुठे आहे? १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. बुटका होता, दाणा जास्त होता. सरकारी तक्त्यात क्विंटल वाढले. पण ज्याच्या घरी बैलजोडी, त्याच्या हिशेबात ज्वारी म्हणजे अर्धा दाणा आणि अर्धा कडबा. ऐन पावसात दाणा काळा पडला तर तोही अर्धा हिशेब गेला. म्हणून तर रब्बीत मालदांडीला आपल्या माणसाने सोडलं नाही. तो अडाणी होता म्हणून नव्हे. त्याने दावणीचा हिशेब धरला होता, तक्ता करणाऱ्याने धरला नव्हता.

औषधांच्या गाळ्यावरही एक प्रश्न विचाराच. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते दुःख आपल्या घरांतलं आहे. बाटलीशेजारी हातमोजे, तोंडाला बांधायचा मास्क आणि उतारा कोणता याची माहिती ठेवली आहे का, हे विचारा. नसेल तर त्या गाळ्यापुढे उभं राहून मोठ्याने विचारा.

म्हाताऱ्या बैलाचा हिशेब

आता दावणीवरचं दुखणं. यात्रेत पुष्कळ जनावर दिसेल, पण जुन्या माणसांना विचारलंत तर सांगतील की बाजार पूर्वीसारखा नाही. ट्रॅक्टर आला हे एक कारण झालं. दोन बैलांना सांभाळायला माणूस मिळत नाही हे दुसरं. २०२० नंतर करोनामुळे यात्रा-बाजार बंद पडले आणि २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार पुन्हा बंद ठेवावे लागले. तरण्या जनावराची बाजू शर्यतींनी थोडी सावरली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. पळणाऱ्या खिल्लाराला मागणी आली. पण औताचा बैल शर्यतीत पळत नाही.

त्याच्या शेवटाचं काय, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती, निकामी बैल मात्र दाखला घेऊन विकता येत होता. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही ती बंदी लागू झाली. आपण कोणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. बैलाला पोळ्याला पुरणपोळी घालणारे आपणच आहोत. पण हिशेब मांडला पाहिजे. पूर्वी थकलेला बैल विकून नव्या खोंडाच्या किमतीला हातभार लागत असे. आता त्या बैलाला गिऱ्हाईक मिळणं कठीण झालं आहे. त्याला दिवसाला ८ किलो कडबा धरा. वर्षाला झाला २,९२० किलो, म्हणजे २९ क्विंटल. मध्यम जमिनीतल्या एक-दीड एकर ज्वारीचा कडबा काम न करणाऱ्या एका बैलाने खाल्ला. मग कामाच्या बैलाला काय घालायचं? आणि पुढची जोडी घ्यायला पैसा कुठून आणायचा?

म्हणजे भूतदयेचा निर्णय सगळ्या समाजाने केला आणि त्याचं बिल एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावावर फाडलं. हे बिल त्याने एकट्याने का भरावं? सांभाळ समाजाला हवा असेल तर कडबाही समाजाने द्यावा. नसेल द्यायचा तर मालकाला आपलं जनावर विकू द्यावं. तिसरा रस्ता म्हणजे बैल रात्री सोडून देणं. मोकाट जनावरांनी खाल्लेल्या तुरीकडे बघितलं की तो रस्ता कुठे जातो ते कळतं. प्रदर्शनात बैलजोडीच्या गळ्यात हार घालून फोटो काढणारे पुढारी पुष्कळ भेटतील. त्या प्रत्येकाला हा २९ क्विंटलांचा हिशेब विचारायचा.

आता आपण काय करायचं

प्रदर्शनावर बहिष्कार टाका असं आम्ही म्हणत नाही. तिथे नवं अवजार दिसतं, माती-पाणी तपासणीची माहिती मिळते, आपली पोरं चार गोष्टी बघतात. जरूर जावं. पण बघे म्हणून जाऊ नये, बैलाचे दात मोजणाऱ्या माणसासारखं जावं. जिल्हा बैठकांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो आहोत.

पहिली. प्रत्येक गाळ्यावर चार प्रश्न, आणि उत्तरं वहीत लिहून घ्यायची. हे पीक ओलिताचं का कोरडवाहू? हे किती झाडांतून निवडलं? एकरी खर्च किती आला? पाऊस ऐन पात्या-फुलांत महिनाभर दडला तर काय उरतं? उत्तर देणारा अडखळला तर तेही लिहा.

दुसरी. आपला मेळा आपण भरवायचा. आठवडी बाजाराच्या दिवशी, झाडाखाली. प्रत्येक गावाने कोरडवाहू रानातल्या एका ओळीतली सलग दहा पऱ्हाट्यांची झाडं मुळासकट उपटून आणायची. निवडून नाही, ओळीने. नांगी पडली असेल तर तिची जागा मोकळी ठेवायची. शेजारी पाटी लावायची: पाऊस किती, बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी यांचा खर्च किती, कापूस किती, भाव काय मिळाला, शिल्लक किंवा तूट किती. ज्वारी आणायची ती कडब्यासकट, पेंढी मोजून. घरचं राखलेलं बियाणं आणायचं. मायबहिणींनी आणलेलं बियाणं वेगळं मांडायचं, त्यांच्या नावाने मांडायचं, कारण गाडग्यात राख घालून ते टिकवणाऱ्या त्याच आहेत. गावच्या लोहार-सुताराने केलेली तिफण, वखर, डवरा आणायचा. औत हाकण्याची स्पर्धा घ्यायची; सरळ तास आणि कमी दमलेली जोडी या दोन गोष्टींवर गुण. फुल्यांनी मागितलेली परीक्षा सरकार घेत नसेल तर आपण घेऊ. परीक्षक शेतकरीच असतील.

तिसरी. त्या मेळ्यात थकलेल्या बैलांची नोंद करायची. किती घरी, किती बैल, वर्षाला किती कडबा. गावोगावचा आकडा एकत्र झाला की तो घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. आपल्याकडे आज संताप आहे, आकडा नाही. आकडा नसलेल्या संतापाला कचेरीत चहासुद्धा मिळत नाही.

उद्या सकाळी सहा वाजता निघायचं आहे. दोघा-दोघांनी एकेक दावण वाटून घ्या. किती जनावरं आली, कुठून आली, किती विकली गेली, आदत किती आणि जुळलेली किती, आणि म्हातारा बैल किती मालकांनी परत नेला, एवढं लिहून आणा. ज्यांना घोंगडी घ्यायची त्यांनी दुपारनंतर घ्यावी, आधी काम. संध्याकाळी इथेच बसून सगळे कागद एकत्र करू आणि तेच कागद पुढच्या जिल्हा बैठकीत पहिल्या विषयाला मांडू.